अरबाबाने ओतून टाकलेली काडतुसं

चहा उकळेपर्यंत आखातातल्या आमच्या सालमियाच्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं सांगतो. मी त्याचा ड्रायव्हर होतो. शिकारीच्या रायफलीची काडतुसं हा मालक घरीच भरायचा. हरणाला कुठली गोळी, तिच्यामागे कुठली दारू, यावर आठवडा घालवायचा. मग दारू काट्यावर तोलून एकेक पुंगळी भरायचा. तेव्हा खोलीत कुणी बोलायचं नाही. मला हसू यायचं. आमच्या गुहागरकडे वडील ठासणीच्या बंदुकीत मुठीच्या अंदाजाने दारू ओतायचे!

शिकारीच्या आदल्या दिवशी गावाहून फोन आला. मुलगी झाली! मी भान विसरून थेट त्या खोलीत घुसलो. "अरबाब, बेटी हुई!"

"मबरूक!" म्हणत तो उठला, मला मिठी मारली, गालांचे मुके घेतले. परत बसला तर टेबलावर दारूचे दोन डबे उघडे, आणि कुठल्या पुंगळीत कुठली दारू पडली ते काही केल्या आठवेना.

मी म्हटलं, "असेल बरोबरच."

त्याने सगळ्या पुंगळ्या रिकाम्या केल्या. "दारू चुकली तर रायफल तोंडावर फुटते. शिकारीला माझ्या शेजारी कोण उभं असतं?"

"मी."

"मग? तुझ्या मुलीने अजून बापाचं तोंड पाहिलेलं नाही."

शिकार राहिली. हरणाऐवजी आम्ही अब्बासियातल्या हॉटेलातली कोंबडी खाल्ली.

आता पोरगी कॉलेजात जाते. परवा म्हणाली, "बाबा, सारखं काय व्हिडिओ कॉल करता? तुमचं तोंड किती वेळा बघू?"

म्हटलं, बघ बाई. अरबाबाने जपून ठेवलंय.