सावंतांना जाऊ दे

बँकेत ट्रेनिंगला कोणाला पाठवतात, माहितीये? ज्याच्यावाचून ब्रँचचं काही अडत नाही, त्याला. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या ब्रँचमध्ये तो माणूस म्हणजे सावंत. हेड ऑफिसकडून बोलावणं आलं की मी मॅनेजरसाहेबांना विचारायचे, "यंदा मी जाऊ का?"

"कदम मॅडम, तुम्ही गेलात तर काउंटर कोण सांभाळणार? सावंतांना जाऊ दे."

खरं सांगते, मला ते ऐकायला बरं वाटायचं. सावंत परत आले की मी मुद्दाम विचारायचे, "काय शिकलात?"

"जेवण चांगलं होतं," एवढंच म्हणायचे.

मग ब्रँच कॉम्प्युटरवर गेली. पहिल्याच सोमवारी माझी स्क्रीन अडकली. माझे जुने कस्टमर शहाभाई पासबुक पुढे धरून ताटकळत होते. सावंत उठून आले, काहीतरी दाबलं आणि पासबुक छापून दिलं. तेव्हापासून शहाभाई माझ्या काउंटरसमोर उभे राहून मलाच विचारायला लागले, "सावंतजी किधर हैं?"

पुढच्या वर्षी पुन्हा ट्रेनिंग आलं. या वेळी मी काही विचारलं नव्हतं. साहेबच म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊन या. सावंतांना सोडता येणार नाही."

जेवण खरंच चांगलं होतं.