पट्टी एकाची, खिडक्या दुसऱ्याच्या

प्लास्टर काढायच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. त्यांचे वडील आत होते.

“दादा, बाबांच्या कॉम्प्युटरवर खिडकी बंद करायची फुलीच दिसत नाही.”

“लिनक्स सिस्टिमवर असे बदल करता येतात. मी खालची पट्टी जुन्या डेस्कटॉपची ठेवली आणि खिडक्या सांभाळायला वेगळा विंडो मॅनेजर बसवला. एकदम हलका.”

“वा. म्हणजे संसार एकाचा, कारभार दुसऱ्याचा. दोघांची ओळख तरी करून दिलीस का? परवा व्हिडिओ कॉलवर माझं तोंड पट्टीखाली गेलं. बाबा सगळा वेळ माझ्या कपाळाशी बोलत होते.”

“तीन बटणं एकदम दाबली की खिडकी वर सरकते.”

“हात मोडलेल्या माणसाला तीन बटणं. धन्य आहेस.”

“पण वेगात चालतो ना?”

“चालतो की. कुठे निघालाय, तेवढं बाबांना कळत नाही. आज सगळं पहिल्यासारखं करून दे.”

दार उघडलं. वडील मोकळा हात चोळत बाहेर आले.

“काही पहिल्यासारखं करायचं नाही,” ते मुलीला म्हणाले. “कॉम्प्युटर नीट चालत होता तेव्हा हा वर्षातून एकदा यायचा. आता दर रविवारी दुरुस्तीला येतो आणि जेवून जातो.”