थॉर्नबेकसाहेबांची टोपी

वेस्टमिन्स्टरला उमरावांची सभा भरली की आम्ही चाकर बाहेरच्या दालनात बसतो आणि एकमेकांना मालकाच्याच नावानं हाक मारतो. शेगडीजवळचा बाक सरकार पक्षाच्या चाकरांचा, दाराजवळचा विरोधकांच्या चाकरांचा. परवा ऐन थंडीत लॉर्ड थॉर्नबेकचा चाकर दाराजवळून उठला आणि थेट लॉर्ड मेल्डनच्या चाकराला खेटून बसला.

“थॉर्नबेकसाहेब, वाट चुकलात काय? तुमचा बाक तिकडे, वाऱ्यात.”

“सरका, मेल्डनसाहेब. आजपासून आम्ही सरकारात.”

“अहो, तुमचे मालक अजून आत भाषण ठोकतायत! सरकारला चोर म्हणाले, ते इथवर ऐकू आलं.”

“ती नुसती सुरुवात. शेवटी विरोधकांना म्हणणार आहेत. सकाळी आरशासमोर तालीम झाली, टाळ्या मीच वाजवल्या.”

“आणि तत्त्वं?”

“ती तीच आहेत की. फक्त चोर बदललेत.”

“पण हे एकाएकी कशामुळे?”

“देशाची काळजी, दुसरं काय! शिवाय आरमारखातं मिळतंय.”

“कालपर्यंत आमच्या मालकांना देशबुडवे म्हणत होतात ना?”

“आज ते थोर पुरुष आहेत. न्याहारीच्या वेळी झाले.”

“बसा बाबा, शेका हात. अरेच्चा, तुमची टोपी त्या बाकावरच राहिली की!”

“राहिली नाही, ठेवलीय. मालकांना मी काही आजच ओळखत नाही. परत गेल्यावर बसायला जागा नको?”