तीन दातांचा पट्टा

(बव्हेरियातल्या एका गावाबाहेर लिंडवेर्थ घराण्याचं प्रार्थनाघर. १९८६चा ऑक्टोबर, भर दुपार. घराण्याचे प्रमुख ड्यूक लोथार, वय पंचाहत्तर, पांघरूण घेऊन खुर्चीत. समोर टेबलावर घराण्याचं बगळ्याचं चिन्ह असलेली त्यांची लाकडी ढाल, आणि ती रंगवणारी ओटिलिए. स्वयंपाकीण वाल्बुर्गा थोड्या वेळाने येते.)

ओटिलिए : परत आला बघा, सरकार.

लोथार : कोण?

ओटिलिए : कोण काय? पट्टा. बगळ्याच्या डोक्यावरचा, तीन दातांचा. काल पांढऱ्याखाली पार गडप केला होता. आज बघते तर लालसर होऊन वर आलाय.

लोथार : मग आणखी एक हात मारा.

ओटिलिए : चार मारले. मध्ये लाखेचं अस्तरही दिलं. माझ्या आज्याने, बापाने तुमच्या घरच्या ढाली रंगवल्या, पण लाखेतून रंग वर आल्याचं कधी कुणी बोललं नाही. नवीन फळी द्या, दोन दिवसांत मोकळं करते तुम्हाला.

लोथार : नवी चालत नाही, बाई. अठराव्या वर्षी मुलाला जी ढाल मिळते, तीच मेल्यावर भिंतीवर चढते. एका माणसाला एकच फळी.

ओटिलिए : ते मला नका शिकवू. तुम्ही धाकटे, म्हणून ही पट्ट्यासकट रंगवली. थोरल्याला नुसता बगळा, धाकट्याला पट्टा. थोरले लढाईत गेले, तुम्ही प्रमुख झालात, आणि माझ्या बापाने पट्टा पुसला. इतकी वर्षं निमूट बसलेला रंग आत्ताच का उठलाय, एवढंच विचारतेय.

लोथार : मला काय विचारता? रंगारी तुम्ही.

ओटिलिए : आणि ही कडी खालच्या टोकाला. म्हणजे उलटी टांगायची?

लोथार : घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ढाल उलटीच टांगतात. मला मूलबाळ नाही. डॉक्टर म्हणतो, नाताळ दिसला तर नशीब. माझ्याबरोबर लिंडवेर्थ संपलं.

ओटिलिए : एक बोलू? राग मानू नका. चार दिवस बघतेय, तुम्ही स्वतःच्या ढालीकडे ढुंकूनही बघत नाही. भिंतीवरच्या थोरल्यांच्या ढालीकडे बघता, आणि मग दाराकडे. कुणी यायचंय का?

लोथार : तुम्हाला इथे हसण्याचा आवाज येतो?

ओटिलिए : छे हो! भरदुपारी अंगावर काटा आणता.

लोथार : मला येतो. अगदी हलका. तोंडात दात नसलेल्या माणसाचा.

वाल्बुर्गा : सूप! कलेजीचे गोळे घातलेत, आणि आज ‘नको’ म्हणायचं नाही. काय झालं? दोघांची तोंडं अशी का?

ओटिलिए : सरकारांना हसणं ऐकू येतंय.

वाल्बुर्गा : येऊ दे की. इतक्या उशिरा का होईना.

लोथार : वाल्बुर्गा, तू गप्प बस.

वाल्बुर्गा : बसलेच आहे. सदतीस वर्षं बसलेय. आता तुम्हीच बोला, नाहीतर मी बोलते. मला काय, माझंही वय झालं. नोकरीवरून काढणार आहात?

ओटिलिए : काय बोलायचंय?

लोथार : थोरला व्हेंझेल लढाईत मेला नव्हता.

ओटिलिए : अहो, पण वर त्यांच्या ढालीवर लिहिलंय! माझ्या बापाच्या हातचं आहे. चौदा ऑक्टोबर चव्वेचाळीस.

लोथार : रशियाहून पत्र आलं होतं, ‘बेपत्ता’. त्याचं ‘मृत’ मी केलं. तारीख मी सांगितली, तुमच्या वडिलांनी रंगवली. त्यांचा काही दोष नाही. आणि एकोणपन्नास साली तो तिकडच्या छावणीतून सुटून आला. फाटकाशी उभा होता, टोपी हातात धरून. एक कान गोठून झडलेला, तोंडात एक दात नाही. मला म्हणाला, लोटी, लहानपणी म्हणायचा तसंच.

ओटिलिए : आणि तुम्ही?

लोथार : मी पोलीस बोलावले. सांगितलं, हा माझा भाऊ नाही.

ओटिलिए : देवा रे!

लोथार : पाच वर्षं पहिल्या बाकावर मी बसत होतो. लग्नं माझ्या संमतीने होत होती, म्हातारेकोतारे मला वाकत होते. धाकट्याला कोण विचारतं, बाई? मला ते गोड लागलं. सोडवेना.

ओटिलिए : भांडले नाहीत ते?

लोथार : भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, निदान माझी ढाल बघू दे. आणलं त्याला इथे. स्वतःच्या मरणाखाली उभा राहिला, वाचलं, आणि हसला. म्हणाला, तारीख छान निवडलीस, लोटी, मला ऑक्टोबर आवडतो. आणि चालू लागला.

वाल्बुर्गा : चालू लागले कुठले? मागच्या दारी आले. मी सूप दिलं. इतके उपाशी होते की तोंड पोळलं तरी थांबेनात. मी रडत होते आणि तेच माझी समजूत घालत होते.

लोथार : हे तू कधी सांगितलं नाहीस.

वाल्बुर्गा : तुम्ही कधी विचारलंत? दोन खोरी ओलांडून रेल्वेच्या फाटकावर नोकरी धरली त्यांनी. नाव बदललं. लग्न केलं. मुलगा झाला, कॉनराट. नळाची कामं करतो. दर नाताळला मी त्याला केक धाडते.

लोथार : मुलाचं मला ठाऊक आहे.

वाल्बुर्गा : ठाऊक आहे? आणि ढाल उलटी टांगायला निघालात? मग तुम्ही शेवटचे कुठले हो? जिवंत पोराला मारून टाकताय. आधी बापाला, आता त्याला!

लोथार : आवाज खाली कर.

वाल्बुर्गा : नाही करत!

लोथार : तो पट्टा राहू दिला, तर मी कोण होतो, वाल्बुर्गा? एवढी सगळी वर्षं?

वाल्बुर्गा : धाकटे होतात. त्यात वाईट काय आहे? मी सात भावंडांत सातवी. मेले का मी?

ओटिलिए : सरकार, ब्रश वाळतोय. पाचवा हात मारू की नको, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन. पण हे ऐकल्यावर माझा हात काही सरळ चालायचा नाही.

लोथार : नका मारू.

ओटिलिए : आणि कडी?

लोथार : वर लावा. सरळ टांगा. शेवटचा मी नाही.

वाल्बुर्गा : डोळे पुसा. हा घ्या रुमाल. सूप प्या आता.

लोथार : थांब जरा. ओटिलिएबाई, व्हेंझेलची ढाल उतरवाल? ती तारीख खोटी आहे. खरी घाला.

ओटिलिए : घालते की. खरी कुठली?

लोथार : मला माहीत नाही.

ओटिलिए : भाऊ कधी गेला, ते माहीत नाही?

लोथार : विचारलंच नाही कुणाला.

वाल्बुर्गा : मलाही दिवस सांगता यायचा नाही. पासष्टचा हिवाळा होता. ते गेल्याचं कार्ड उशिरा मिळालं मला. कॉनराटला विचारायला हवं.

लोथार : त्याच्याकडे फोन आहे?

वाल्बुर्गा : नळवाल्याकडे फोन नसेल? बाजूच्या खोलीतून लावते, दार उघडंच ठेवते. नंबर पाठ आहे मला.



लोथार : त्याने फोन आपटला तर?

वाल्बुर्गा : आपटू दे. त्याचा हक्कच आहे. वाजतोय हं… कॉनराट? मी वाल्बुर्गा. नाही रे, तब्येत ठणठणीत आहे. एक विचारायचं होतं, तुझे बाबा कुठल्या तारखेला गेले? हो, नक्की तारीख हवी. मला नको, इथे एकांना हवीय… सरकार, तो विचारतोय, कोणाला? काय सांगू? ड्यूकसाहेबांना म्हणू?

लोथार : नको. सांग त्याला, काका विचारतोय.