चालीवरचं वाचन

आमच्या धाराशिवच्या वस्तीतल्या शेवंतामावशी पन्नाशीत वाचायला शिकल्या, तेही जयंतीच्या गाण्यांच्या पुस्तकातून. गाणी आधीच पाठ होती. बोट ठेवून अक्षरं जुळवली. पण चालीवर म्हटल्याशिवाय त्यांना काही वाचताच येईना!

परवा एकजण कागद घेऊन आला. "नळाचा अर्ज हाय, बायांनो, अंगठे द्या."

"थांबा, आधी वाचते," म्हणत मावशींनी सूर लावला. मागं त्यांच्या गायनपार्टीतल्या बाया. मावशींनी ओळ म्हटली की सवयीनं त्याही म्हणायच्या. अर्जदाराचं नाव झालं, पत्ता झाला. तो माणूस कागद ओढायला लागला.

मावशींनी पुढची ओळ घेतली, "राहती जागा सोडण्यास माझी हरकत नाही..."

बायांनी तोंड उघडलं, तशा मावशी ओरडल्या, "गप गं! ही ओळ मागनं म्हणायची न्हाय!"