चिनी सुईचं पथ्य

१९६४ साली अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या बाकावर दोन अनोळखी बाया बोलत होत्या. त्यातल्या एकीची सून आत सुया टोचून घेत होती.

"कोनता महिना हाय सुनेले?"

"आठवा. कंबर अशी धरली का उठता बसता रडे. पयलं लेकरू सातव्यातच गेलं तिचं, म्हनून आनली."

"अन् ह्या सुया कायच्या?"

"चिनी इद्या हाय. डाक्टर कलकत्त्याले शिकून आला. दुखते कंबर, अन् सुई टोचते पायाले."

"चिनी? त्यायच्या संग त लढाई झाली आपली."

"लढाई झाली म्हनून कंबर दुखाची थांबते काय?"

"मंग गुन आला?"

"आला ना. आता हासते, दोन भाकरी खाते. पन पथ्य लय कडक हाय. पानी शेंदाचं नाही, जात्यावर दयन दयाचं नाही, वावरात जाचं नाही, दुपारी झोपाचं. नाही त सुई उलटते म्हने."

"मंग घरचं काम कोन करते?"

"मीच करून राहिली."

"मंग बाई, हा गुन सुईचा का बसल्याचा?"

"सुईचाच. सुई नसती, त मी तिले बसू देल्लं असतं काय?"