चार घरची मागणी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या तरुणाने मोबाइलवरचा क्रेडिट स्कोअर अंगठ्याने झाकला होता. शेजारी त्याची बायको होती.

"अंगठा काढा."

"घसरला थोडासा."

"काहून? हप्ता तं एकबी चुकला नाही."

"या कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर टाकाची होती. चार बँकांत अर्ज केले."

"एकदमच?"

"एखादी तं देईन म्हटलं."

"चार घरी एकदम पोरगी मांगतली तं लोक म्हणतेतच, पोरात खोट हाये."

"बँकवालाबी असाच बोलला, रिता."

"मंग माह्या पार्लरचं कर्ज?"

"आता नाही भेटत म्हणते. आधी बाकी कमी करा."

"इकडून तिकडं टाकून कमी होते का ते? वर्षभरापासून सांगून राहिली, बुलेट विका."

सानगडीचा फाटा गेला.

"विकतो."